वॉलपेपरवाला विल्यम मॉरिस जुन्या घरांच्या चुन्यासाठी भांडला, आणि स्वतःच्याच धंद्यावर पाणी सोडलं

मोबाईलचं कव्हर, टोट बॅग, डायरी, उशीचा अभ्रा. गडद निळ्या रंगावर दाट पानंफुलं, लालबुंद स्ट्रॉबेरी आणि चोचीत फळ धरलेले ठिपकेदार पक्षी. इन्स्टाग्रामवर घरसजावटीची चार रील्स पाहिली तर एकात तरी हे डिझाईन दिसतंच. त्याचं नाव स्ट्रॉबेरी थीफ. साल १८८३. काढणारा माणूस विल्यम मॉरिस.

जगाला तो वॉलपेपरवाला म्हणून माहीत आहे. पण जुना वाडा दुरुस्तीला काढल्यावर एखादा जाणकार वास्तुविशारद सिमेंटचं पोतं बाहेरच ठेवायला सांगतो, चुन्याचा आग्रह धरतो, कुजलेल्या खांबाचा फक्त कुजलेला भाग कापायला लावतो, तेव्हा तो बऱ्याच अंशी मॉरिसचंच म्हणणं पुढे नेत असतो. भले त्याला ते माहीत असो वा नसो.

गंमत अशी की ज्या कामांच्या विरोधात मॉरिसने पुढे रान उठवलं, त्याच कामांवर त्याच्या कंपनीचं पोट भरत होतं.

तांब्याच्या खाणीचा पैसा

मॉरिसचा जन्म २४ मार्च १८३४ चा, लंडनजवळच्या वॉल्थमस्टोचा. वडील लंडनमधले हुंडी दलाल. डेव्हन परगण्यातल्या एका तांब्याच्या खाणीचे शेअर्स त्यांनी वेळेवर घेतले आणि घराचं नशीब उघडलं. मोठी हवेली, आजूबाजूला जंगल, पोराला फिरायला तट्टू. १८४७ मध्ये वडील गेले, पण खाणीचा पैसा येत राहिला. २१ वर्षांचा झाल्यावर मॉरिसला वर्षाला ९०० पौंडांचं उत्पन्न सुरू झालं. पोटापाण्यासाठी काहीही करायची गरज नाही, असा तो काळ आणि असा तो आकडा.

१८५३ मध्ये तो ऑक्सफर्डला शिकायला गेला तो पाद्री व्हायचं ठरवूनच. तिथे एडवर्ड बर्न-जोन्स नावाचा जिवलग मित्र भेटला. १८५५ च्या उन्हाळ्यात हे मित्र उत्तर फ्रान्समध्ये जुनी कॅथेड्रल्स बघत फिरले आणि परतीच्या वाटेवर दोघांनी पाद्रीपणाचा नाद सोडला. बर्न-जोन्स चित्रकार होणार, मॉरिस वास्तुविशारद.

मॉरिस ऑक्सफर्डमध्येच जॉर्ज एडमंड स्ट्रीट या नावाजलेल्या वास्तुविशारदाच्या ऑफिसात उमेदवारी करायला लागला. वर्षभरही टिकला नाही. पण त्या ऑफिसात त्याला फिलिप वेब भेटला. शांत, काटेकोर, विटा आणि लाकडाची नाडी ओळखणारा माणूस. पुढची ४० वर्षं या दोघांची जोडी टिकली. आणि स्ट्रीट हे नाव लक्षात ठेवा, ते या गोष्टीत परत येणार आहे.

घर सजवता सजवता कंपनी निघाली

१८५९ मध्ये मॉरिसने जेन बर्डनशी लग्न केलं. ती ऑक्सफर्डमधल्या एका घोड्यांच्या तबेल्यात काम करणाऱ्या माणसाची मुलगी. लग्नानंतर वेबने मॉरिससाठी लंडनच्या बाहेर लाल विटांचं घर बांधलं, ते रेड हाऊस. घर झालं, पण बाजारात मिळणारं फर्निचर, पडदे, काच, काहीच मॉरिसच्या पसंतीला उतरेना. मग मित्रमंडळींनी मिळून सगळं हाताने करायला घेतलं. त्यातून १८६१ मध्ये कंपनी उभी राहिली.

कंपनीचं मोठं गिऱ्हाईक होतं चर्च. त्या काळात इंग्लंडमध्ये जुनी चर्च रिस्टोअर करण्याची लाट आली होती. हजारो चर्चमध्ये काम सुरू होतं, आणि काम सुरू म्हटल्यावर रंगीत काचेच्या नव्या खिडक्या आल्या. त्या खिडक्यांची ऑर्डर मॉरिसच्या कंपनीकडे यायची.

रिस्टोअर हा शब्द तेव्हा नेमका कशासाठी वापरला जायचा, ते समजून घ्यायला हवं. गावातलं चर्च बाराव्या शतकात सुरू झालेलं असायचं. चौदाव्या शतकात कुणी खिडकी मोठी केली, सोळाव्यात कुणी छप्पर बदललं, अठराव्यात कुणी लाकडी बाकं बसवली. प्रत्येक पिढीने आपल्या गरजेचा आणि आपल्या हाताचा एक थर ठेवलेला. रिस्टोअर करणारा वास्तुविशारद यायचा आणि ठरवायचा की या चर्चचा खरा, शुद्ध काळ म्हणजे तेरावं शतक. मग त्यानंतरचं सगळं पाडायचं आणि तेराव्या शतकात ते कसं दिसत असेल, याचा अंदाज बांधून नवं बांधायचं.

म्हणजे जुन्याच्या नावाखाली जुनं पाडायचं. आणि लोक खूश, कारण चर्च एकदम चकाचक.

यातला सगळ्यात वाईट प्रकार होता भिंती खरवडण्याचा. जुन्या भिंतींवर चुन्याचा गिलावा असायचा, त्यावर चुन्याची सफेदी, कधी त्याखाली शेकडो वर्षांपूर्वीची चित्रं. मध्ययुगात भिंत म्हणजे उघडा, रांगडा दगड, असा गैरसमज तेव्हा पसरला होता. त्यामुळे गिलावा खरवडून टाकायचा, दगड उघडा पाडायचा आणि सांधे सिमेंटने भरायचे. प्रत्यक्षात ओबडधोबड दगडाची ती भिंत गिलावा लावायचा म्हणूनच तशी बांधलेली असायची. गिलावा ही तिची कातडी होती.

भाड्याचं घर

१८७१ मध्ये मॉरिसने ऑक्सफर्डशायरमध्ये, थेम्स नदीच्या वरच्या अंगाला, केल्मस्कॉट नावाच्या खेड्यात एक घर भाड्याने घेतलं. भाडं वर्षाला ६० पौंड. घर साधारण १६०० सालच्या आसपासचं, त्याला सतराव्या शतकात जोडलेला आणखी एक भाग. नाव मॅनर असलं तरी मुळात हे सधन शेतकऱ्याचं घर.

या घराने मॉरिसला वेड लावलं. भिंती तिथल्याच चुनखडीच्या दगडाच्या. छपरावर कौलांऐवजी दगडाच्या पातळ फरश्या. वळचणीला मोठ्या फरश्या, वर सरकत जाल तशा लहान, आणि आढ्याजवळ अगदी चिमुकल्या. माशाचे खवले असतात किंवा पक्ष्याची पिसं असतात तशी रचना. हे कुण्या मोठ्या वास्तुविशारदाने कागदावर काढलेलं नव्हतं. खाणीतून जशा फरश्या निघतात तशा वाया न घालवता लावायच्या, जड माल भिंतीवर आणि हलका माल वर, हे गावातल्या कारागिराचं साधं गणित होतं. मॉरिसला त्यातच कला दिसायची. जवळच्याच ग्रेट कॉक्सवेल गावातलं मध्ययुगीन धान्याचं कोठार त्याला एखाद्या कॅथेड्रलच्या तोडीचं वाटायचं.

घरात एका खोलीत सतराव्या शतकातले विणलेले पडदे होते, रंग उडालेले. नवं काही विणायची सोय आणि ऐपत दोन्ही मॉरिसकडे होती. पण त्याने ते तसेच राहू दिले.

या घरात सुख मात्र सरळ आलं नाही. घर घेताना भाडेकरारात दुसरं नाव होतं चित्रकार रोझेटीचं. रोझेटी आणि जेनचं एकमेकांवर प्रेम होतं आणि मॉरिसला ते ठाऊक होतं. लंडनच्या कुजबुजीपासून लांब अशी जागा हवी, हेही हे घर घेण्यामागचं एक कारण मानलं जातं. घर ताब्यात आलं त्याच उन्हाळ्यात मॉरिस जेनला, दोन मुलींना आणि रोझेटीला तिथे ठेवून आइसलँडला निघून गेला. १८७४ मध्ये रोझेटीने केल्मस्कॉट सोडलं. मॉरिसने घर सोडलं नाही. पुढे मरेपर्यंत, म्हणजे एकूण २५ वर्षं, तो तिथला भाडेकरूच राहिला.

हात निळे झाल्याशिवाय कळत नाही

मॉरिसची एक सवय होती. कुठलीही गोष्ट स्वतः केल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचं नाही. १८७५ च्या सुमारास कापडाला रासायनिक रंग नको, नैसर्गिक रंग हवेत, असं त्याच्या डोक्यात आलं. मग तो लीक नावाच्या गावात थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे जाऊन राहिला आणि निळीच्या पिंपात हात घालून शिकला. ही नीळ तेव्हा मुख्यतः हिंदुस्थानातून यायची, आणि तिच्या शेतीत शेतकरी कसा भरडला गेला ते आपल्याला चंपारणमुळे माहीत आहे. श्रीमंताघरचा हा माणूस कोपरापर्यंत निळा होऊन गावात फिरायचा.

यातून त्याला एक गोष्ट नीट कळली होती. कारागिरी पुस्तकात नसते, हातात असते. आणि तो हात ज्या काळात, ज्या रोजच्या जगण्यात तयार झाला, तो काळ गेला की तसं काम परत होत नाही. होतं ती नक्कल.

हे कळल्यावर जुन्या इमारतीकडे बघायची नजरच बदलते. बाराव्या शतकातल्या पाथरवटाने छिन्नीने ठोकलेला दगड काढून तिथे एकोणिसाव्या शतकातल्या ठेकेदाराने हुबेहूब तसा दगड बसवला, तर दिसायला काही बिघडलं नाही. पण एका माणसाच्या हाताची खूण कायमची गेली, आणि वर बघणाऱ्याला ती तिथेच आहे असं खोटं सांगितलं गेलं.

१८७७: भांडण सुरू

सप्टेंबर १८७६ मध्ये मॉरिस प्रवासात बर्फर्ड या गावातून जात होता. तिथल्या जुन्या चर्चचं काम चाललेलं बघून त्याचं डोकं फिरलं. काम कुणाचं, तर त्याच्या जुन्या साहेबाचं, स्ट्रीटचं. असं सांगतात की पुढे कधीतरी मॉरिसने तिथल्या पाद्र्याकडे तक्रार केली, तेव्हा पाद्र्याने सुनावलं की चर्च त्याचं आहे, मनात आलं तर तो त्यात डोकं खाली पाय वर करून उभा राहील. आपल्याकडे जुनं देऊळ पाडून टाइल्स लावणाऱ्या विश्वस्तांशी ज्यांनी वाद घातलाय, त्यांना हा संवाद ओळखीचा वाटेल.

मार्च १८७७ मध्ये ट्यूक्सबरीच्या मठाच्या चर्चचं काम सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट करणार असल्याची बातमी मॉरिसने वाचली. स्कॉट म्हणजे त्या क्षेत्रातलं सगळ्यात वजनदार नाव. आपल्या मुंबई विद्यापीठाचं राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह याच स्कॉटच्या आराखड्यावर उभं आहे. ५ मार्चला मॉरिसने अथेनियम या साप्ताहिकाला खरमरीत पत्र लिहिलं, की जुन्या इमारतींवर नजर ठेवणारी एखादी संस्था हवी.

आणि मग तो थांबला नाही. २२ मार्चला, म्हणजे अवघ्या १७ दिवसांनी, त्याच्या कंपनीच्या जागेतच सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज सुरू झाली. मॉरिस चिटणीस. सोबत अर्थातच फिलिप वेब. जॉन रस्किन आणि थॉमस कार्लाइल यांच्यासारखी मोठी नावंही पाठीशी उभी राहिली. मंडळींनी संस्थेला आपसात टोपणनाव ठेवलं, अँटी-स्क्रेप. म्हणजे खरवडविरोधी.

संस्थेने जो जाहीरनामा काढला तो जेमतेम दोन पानांचा. त्याचा गाभा आपल्या भाषेत एका शब्दात सांगता येतो. शाकारणी.

कोकणात, मावळात पावसाळ्याआधी घर शाकारायची पद्धत आहे. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, धड असलेली परत बसवायची, पन्हळीतला पाला काढायचा. दरवर्षी थोडं थोडं. कुणी त्याला जीर्णोद्धार म्हणत नाही, समारंभ करत नाही, फलक लावत नाही. मॉरिसचं म्हणणं तेच होतं. रोज लक्ष ठेवा, गळती वेळेत काढा, कललेल्या भिंतीला टेकू द्या, आणि तो टेकू टेकूसारखाच दिसू द्या. इमारत आता गरजेला पुरत नसेल तर शेजारी नवी बांधा. पण जुनीला मनाप्रमाणे कापू नका.

आणखी एक गोष्ट जाहीरनाम्यात होती आणि ती तेव्हा फार वेगळी होती. कुठलाच एक काळ जास्त शुद्ध नाही. सगळे थर सारखेच राखायचे. मॉरिसला स्वतःला मध्ययुग प्रिय होतं. क्रिस्टोफर रेनने सतराव्या शतकात बांधलेली लंडनची चर्च त्याला मनापासून आवडायची नाहीत. तरी ती पाडायची वेळ आली तेव्हा संस्था त्यांच्या बाजूने भांडली.

आता धंद्याचं काय?

इथे गोष्ट अडचणीची होते. ज्या चर्चच्या कामांविरुद्ध मॉरिस पत्रं लिहीत होता, त्याच चर्चना त्याची कंपनी खिडक्या विकत होती. विरोधकांनी हे बोलून दाखवायच्या आधीच मॉरिसने निर्णय घेतला. १८७७ मध्येच कंपनीने जाहीर केलं की यापुढे जुन्या चर्चच्या रिस्टोरेशनसाठी काचकाम केलं जाणार नाही. नवी चर्च चालतील, जुनी नाहीत. आधी शब्द दिलेली आणि काही अपवादाची कामं सोडली तर हा नियम पाळला गेला. धंद्यातला एक भरवशाचा झरा मालकाने स्वतः बुजवला.

हा काळ त्याच्यासाठी सोपा नव्हता. खाणीचं उत्पन्न आटलं होतं. १८७६ मध्ये थोरली मुलगी जेनीला अपस्माराचे झटके सुरू झाले होते आणि ते आयुष्यभर राहणार होते. कंपनीवर घर चालत होतं.

मॉरिसला संत करायची मात्र गरज नाही. वडिलांच्या ज्या खाणीवर तो वाढला, ती पुढे आर्सेनिक या विषारी पदार्थाची मोठी उत्पादक झाली. १८७५ पर्यंत मॉरिस तिच्या संचालक मंडळावर होता. त्याच्या सुरुवातीच्या वॉलपेपरमधल्या हिरव्या रंगातही आर्सेनिक होतं, आणि त्याने माणसं आजारी पडतात हे म्हणणं त्याने हसण्यावारी नेलं होतं.

सिमेंट का नको, हे नीट समजून घेऊ

चुनखडीचा दगड भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सियसला भाजला की कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी टाकलं की तो खदखदून फुलतो, याला चुना विझवणं म्हणतात. मग तो मुरवायचा, वाळूत मिसळून भिंतीत वापरायचा. आपल्याकडे यासाठी घाणी असायची, बैल दगडी चाक ओढायचे, चुन्यात गूळ, हिरडा असं काहीबाही पडायचं. भिंतीत गेलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू परत दगड होतो. याला महिने लागतात, जाड भिंतीत वर्षंही.

असा चुना सिमेंटच्या मानाने मऊ असतो आणि त्यात बारीक छिद्रं असतात. हीच त्याची ताकद. जुन्या घराला पायाखाली ओल रोखणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्यातून बाहेर उडून जाते. भिंत थोडी हलली, बसली, तरी चुना ते सहन करतो. आणि झीज व्हायचीच असेल तर चुन्याची होते, दगडाची नाही. चुना परत भरता येतो.

सिमेंट याच्या उलट. घट्ट, कडक, बंद. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, म्हणजे मॉरिसच्या तरुणपणी ते सर्रास मिळायला लागलं होतं. जुन्या भिंतीवर सिमेंट मारलं की ओल आत कोंडते. सांध्यातून वाट मिळत नाही म्हणून ती दगडातून, विटेतून बाहेर पडते. सोबत क्षार आणते, ते पृष्ठभागाखाली साचून फुगतात आणि विटेचे पापुद्रे निघतात. भिंतीत घुसलेली तुळईची टोकं आतल्या आत कुजतात. वरून गिलावा मात्र झकास. पुण्यात, वाईत, नाशकात वाड्यात राहणाऱ्यांनी हा अनुभव घेतलेला असतो. दुरुस्ती केली आणि तीन पावसाळ्यांत भिंत जास्तच ओली, असं का, याचं उत्तर बऱ्याचदा हे असतं.

वेब आणि त्याच्या हाताखाली तयार झालेल्या तरुण वास्तुविशारदांनी मॉरिसच्या तत्त्वाला हत्यारं दिली. दगडाचा तुकडा निखळला तर तिथे खोटा जुना दगड बसवायचा नाही. मातीची पातळ कौलं चुन्यात एकावर एक रचून ती जागा भरायची. मजबूत होते, स्वस्त पडते आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की ही नंतरची दुरुस्ती आहे. लाकूड कुजलं तर अख्खी तुळई फेकायची नाही. कुजलेलं टोक कापायचं आणि नव्या ओकच्या लाकडाचा सांधा द्यायचा.

या दुरुस्त्या दिसायला देखण्या नसतात, हे खरंच आहे. ठिगळ ते ठिगळच. त्या काळी पाद्री लोक चिडायचे त्यात त्यांची बाजूही होती. त्यांना गळकं, कोंदट चर्च नको होतं, गावातली माणसं तिथे यायला हवी होती. मॉरिसच्या संस्थेवर आरोप व्हायचा की यांना इमारत जपायची आहे, वापरायची नाही. प्रत्येक वेळी संस्थेचं बरोबर होतं असंही नाही, आणि ट्यूक्सबरीचं काम काही तिच्या पत्राने थांबलं नाही.

१८७९ मध्ये व्हेनिसच्या सेंट मार्क्स चर्चचा दर्शनी भाग नव्याने बांधायची बातमी आली तेव्हा मॉरिसने थेट इटलीविरुद्ध मोहीम उघडली. एकमेकांचे कट्टर विरोधक असलेले ग्लॅडस्टन आणि डिझरायली, दोघांनीही त्या अर्जावर सही केली. इटलीवाल्यांना मात्र या परक्यांच्या शहाणपणाचा रागच आला. काम आम्ही आधीच थांबवलंय, असं त्यांनी कळवलं.

इंगल्शॅमचं छोटं चर्च

मोठ्या मोहिमांपेक्षा मॉरिसचं म्हणणं एका छोट्या जागी जास्त नीट दिसतं. केल्मस्कॉटपासून काही मैलांवर इंगल्शॅम नावाचं जवळजवळ ओसाड गाव आहे. तिथलं सेंट जॉन चर्च पडायला आलं होतं. १८८८-८९ मध्ये मॉरिसच्या पुढाकाराने आणि त्याच्या मदतीने त्याची दुरुस्ती झाली. दुरुस्ती म्हणजे छप्पर, भिंती, आधार. बाकी कशाला हात नाही.

आज तिथे गेलं तर भिंतीवर एकावर एक चढलेले चित्रांचे आणि अक्षरांचे थर दिसतात, तेराव्या शतकापासून पुढचे. मध्येच चुन्याची सफेदी, मध्येच अर्धवट पुसलेली वाक्यं. लाकडी बाकं वाकडीतिकडी. फरशी खाली-वर. कुणीतरी व्यवस्थित रिस्टोअर केलं असतं तर यातलं काहीच राहिलं नसतं.

याच वर्षांमध्ये मॉरिस रस्त्यावर उभा राहून समाजवादाची भाषणं देत होता. १८८३ मध्ये तो समाजवादी राजकारणात उतरला आणि श्रीमंत गिऱ्हाइकं चक्रावली. पण त्याच्यासाठी दोन्ही गोष्टी एकच होत्या. जुनं घर सुंदर का, तर ते बांधणाऱ्याला कामात स्वतःचं डोकं चालवायची मुभा होती. कारखान्यातल्या मजुराला ती नाही. कारागीर संपवून टाकायचे आणि मग त्यांच्या कामाची नक्कल विकत घ्यायची, हे त्याला सहन होत नव्हतं. इंग्लंडमधला स्वस्त यंत्रमाल हिंदुस्थानातल्या कारागिरांचा जीव घेतोय, हेही त्याने भाषणांत स्पष्ट मांडलं होतं.

त्याचा विचार आपल्याकडे कसा आला?

१९०२ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक म्हणून जॉन मार्शल आले. १९२३ मध्ये त्यांनी संवर्धनाची नियमपुस्तिका काढली. पडलेलं परत बांधू नका, आहे ते सांभाळा, नवी दुरुस्ती जुनी भासवू नका, हा तिचा सूर मॉरिसच्या जाहीरनाम्याचाच. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यावर पडका वाडा परत का उभारत नाहीत, असं लोक विचारतात, त्याच्या उत्तराचा एक धागा इथे येऊन पोचतो.

पण मॉरिसचं सगळं म्हणणं एका गृहीतकावर उभं होतं, की ते काम करणारा कारागीर आता उरलेला नाही. आपल्याकडे पाथरवट, सुतार, चुन्यात काम करणारे गवंडी अजून आहेत, कमी झालेत पण आहेत. मग त्यांनी बापजाद्यांच्या पद्धतीने पडलेला भाग परत घडवला तर त्याला नक्कल म्हणायचं का? इन्टॅक या संस्थेने २००४ मध्ये आपली सनद काढली, तेव्हा याच मुद्द्यावर मॉरिसच्या परंपरेपासून फारकत घेतली. जिथे परंपरागत कारागिरी जिवंत आहे तिथे ती चालू ठेवणं हाच वारसा जपण्याचा भाग आहे, अशी तिची भूमिका आहे. मॉरिस असता तर कडकडून भांडला असता, की निळे हात पुसत गवंड्याशेजारी जाऊन बसला असता, हे सांगणं कठीण आहे. दोन्ही शक्य आहे.

शेवटचं वर्ष

ससेक्समधल्या अल्फ्रिस्टन गावात चौदाव्या शतकातलं एक घर आहे. लाकडी सांगाडा, कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर. मोडकळीला आलेलं हे घर वाचवायला तिथल्या पाद्र्याने मॉरिसच्या संस्थेचं दार ठोठावलं. १८९६ च्या एप्रिलमध्ये नव्यानेच निघालेल्या नॅशनल ट्रस्टने ते १० पौंडांना विकत घेतलं. ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिली इमारत. या घराची जमीन खडूची माती ठोकून केलेली आहे आणि ती बसावी म्हणून आंबट दूध लावून घोटलेली आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मॉरिस लंडनमधल्या घरी गेला. वय ६२. एका डॉक्टरने म्हणे मृत्यूचं कारण सांगितलं की हा विल्यम मॉरिस असण्याचाच आजार, दहा माणसांचं काम एकट्याने केल्याचा. देह रेल्वेने नेला आणि पुढे केल्मस्कॉटपर्यंत वेलीपानांनी सजवलेल्या शेतातल्या गाडीतून. वादळी पावसात त्याला गावच्या चर्चजवळ पुरलं. कबरीचा दगड वेबने घडवला, जुन्या घराच्या छपरासारखा उतरता.

ज्या घरात इतकं दुःख झालं ते जेनने सोडलं नाही. १९१३ मध्ये तिने केल्मस्कॉट विकत घेतलं आणि काही महिन्यांतच, जानेवारी १९१४ मध्ये, ती गेली. धाकटी मुलगी मे १९३८ पर्यंत तिथे राहिली. तिने ते ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिलं, आणि १९६२ पासून ते लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या संस्थेकडे आहे. मधल्या काळात दोनदा मोठी दुरुस्ती झाली, शेवटची २०२२ मध्ये संपली. उडालेल्या रंगाचे ते विणलेले पडदे अजून त्याच खोलीत आहेत. छपरावर दगडी फरश्या, वळचणीला मोठ्या, आढ्याला लहान.